‘ब’ला काढून टाकण्याबाबत

२ सप्टेंबर, सोमवार

नवी नोकरी. चौथा मजला. लिफ्ट आहे, चालत नाही.

काम असं. स्क्रीनवर इंग्रजी वाक्य येतं. प्रत्येक शब्दाला रंग द्यायचा. नामाला निळा, क्रियापदाला लाल, विशेषणाला हिरवा, क्रियाविशेषणाला पिवळा. उरलेल्यांना राखाडी. हे बघून कॉम्प्युटर इंग्रजी शिकणार. म्हणजे वीस वर्षं मी क्लासमध्ये जे केलं तेच, फक्त हा विद्यार्थी खिडकीबाहेर बघणार नाही.

मॅडमनी तासभर नियम सांगितले. वय तिशीच्या आत. प्रत्येक वाक्यानंतर ओके ना म्हणतात. पहिली चाळीस मिनिटं ऐकलं. उरलेल्या वीस मिनिटांत त्यांच्या इंग्रजीतल्या चुका मोजल्या. नऊ.

शेवटी नियमपुस्तिका दिली. चौदा पानं. ज्याला व्याकरण येतं त्याने ती कशाला वाचायची? माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. तिथे नेमकी बसली.

३ सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या टेबलावर एक बाई आहे. आधी कपडे अल्टर करण्याच्या दुकानात होती. बाहीला अजूनही दोन टाचण्या टोचलेल्या. नाव सांगितलं, मी लक्षात ठेवलं नाही. टाचणीबाई पुरे.

नियमपुस्तिका वाचत होती. ओठ हलवत, पेन्सिलीने रेघा मारत. दया आली.

अडीच महिन्यांनी आमच्यातून एक तपासनीस निवडणार. काचेची केबिन, दार, हात असलेली खुर्ची. मॅडम म्हणाल्या, दोघांपैकी कोणीही होऊ शकतं. ‘दोघांपैकी’ हे सौजन्य.

घरी सांगितलं. बायकोने विचारलं, आणि न निवडलेल्याचं काय होणार? न निवडलेलीचं, मी दुरुस्त केलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

माझं सूत्र: शेवटी एलवाय दिसला की क्रियाविशेषण. डोळे झाकून पिवळा. क्विकली, स्लोली, सगळी एका रांगेत. वीस वर्षं हेच शिकवलं. क्लास बंद पडला तो विद्यार्थ्यांची पातळी घसरली म्हणून. शेवटच्या तुकडीत तिघं होती, त्यातली एक मालकाची भाची.

आज एका वाक्यात कुत्रं फ्रेंडली होतं. फ्रेंडली, पिवळा. तीन सेकंद.

टाचणीबाईने तेवढ्या वेळात नाक खाजवलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

संकल्प: रोज सकाळी शब्दकोशाची दहा पानं.

आज ‘शी वर्क्स हार्ड’ या वाक्याशी थांबलो. अडलो नाही, थांबलो. शब्दकोश उघडला. इथे हार्ड सांगतो की ती काम कसं करते, म्हणजे क्रियाविशेषण. पिवळा. हे माहीत होतंच. शब्दकोशाला माहीत आहे का ते पाहिलं.

दहा पानांपैकी तीन झाली. अक्षर बारीक.

१८ सप्टेंबर, बुधवार

चहाच्या वेळी टाचणीबाई म्हणाली, मास्तर, तुम्ही फ्रेंडलीला काय रंग देता? (मला मास्तर म्हणते. मी अडवलेलं नाही.) मी म्हटलं, शेपूट बघायची, एलवाय आहे, पिवळा. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, पण ते कुत्र्याचं वर्णन आहे ना, कुत्रं कसं, तर फ्रेंडली, मग हिरवा नको का? आमच्याकडे दोन तुकडे एकाच रंगाचे असले तरी एक बाहीचा असतो, एक खिशाचा. कुठे शिवलाय ते बघायचं.

मी हसलो. जरा मोठ्याने हसलो, म्हणजे मॅडमनाही कळावं.

म्हटलं, बाई, भाषा म्हणजे पँट नव्हे.

ती म्हणाली, बरोबर आहे, पँट निदान उसवून पुन्हा शिवता येते.

२३ सप्टेंबर, सोमवार

फ्रेंडली हे विशेषण आहे. अर्थातच. ज्याला शब्द वाक्यात कुठे बसलाय ते बघता येत नाही, फक्त शेपूट दिसते, त्याने गुरं राखावीत. मी तर हे क्लासमध्येही सांगायचो. बहुधा.

टाचणीबाईला हे कुठून कळलं कोण जाणे. माझं काहीतरी ऐकून उचललं असणार.

शब्दकोश घरी नेऊन ठेवला. बायको त्यावर कुंडी ठेवते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

नवा संकल्प: वेग. रंग तर कोणीही देईल, शेवटी तपासनीस तोच होतो जो निर्णय घेतो. रोज चारशे वाक्यं. टाचणीबाई एकशे ऐंशीवर आहे. एकेका वाक्याकडे बघत बसते, जणू ते तिला मापं देणार आहे.

दुपारी जेवणानंतर ९० वाक्यं एका तासात. काही वाचलीसुद्धा.

७ ऑक्टोबर, सोमवार

घरी माझ्या कामाबद्दल बोललो. ऐकणारी एकच, तीही भाजी निवडत. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. म्हणाली, आमच्याकडे एकच रक्त पंधरा दिवसांनी वेगळ्या नंबराने परत पाठवतात, तपासणारा पहिल्यासारखंच सांगतो का ते बघायला. तुमच्याकडे असं काही आहे का?

मी म्हटलं, रक्ताचं वेगळं, भाषेचं वेगळं. भाषेत तपासणाऱ्यालाच तपासणारा कोण?

ती म्हणाली, तेच विचारतेय.

विषय बदलला. संशोधकांना घरात मान नसतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज कुत्र्याचं वाक्य पुन्हा आलं. ‘शी वर्क्स हार्ड’ही. वाक्यं पुरवणाऱ्यांचा आळस. जगात एवढी कुत्री, यांच्याकडे एकच.

फ्रेंडली, हिरवा. हार्ड, हिरवा, कारण हार्ड म्हणजे कठीण. दोन सेकंद. प्रगती स्पष्ट आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मोठा दिवस. मतभेदांची यादी आली.

एकच वाक्य दोन वेळा रंगवलं जातं. यादीत दोन रकाने: अ आणि ब. अ म्हणजे मी, वर तसं लिहिलंय. ब कोण ते लिहिलेलं नाही. जिथे दोघांचे रंग जुळत नाहीत तिथे मी शेरा लिहायचा की कोण बरोबर आणि का.

एकतीस मतभेद.

ब गाढव आहे.

कुत्रं फ्रेंडली आहे, यात ब ने फ्रेंडलीला पिवळा दिलाय. शेपूट बघितली आणि रंग ओतला. माझा शेरा: ‘ब ला व्याकरण शिकवणाऱ्या माणसाचा शोध घेऊन त्याच्याकडून फी परत मागावी.’

‘शी वर्क्स हार्ड’ मध्ये ब ने हार्डला पिवळा दिलाय. इथे तर शेपूटही नाही. म्हणजे शेपूट असो वा नसो, याला पिवळाच दिसतो. शेरा: ‘ब ने डोळे तपासून घ्यावेत.’

एका दिवसात एकतीस शेरे. हात दुखला, मन प्रसन्न.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

टाचणीबाईलाही यादी आली. तिच्या यादीतही अ आणि ब. नऊ मतभेद. वाचताना स्वतःशी हसत होती. म्हणाली, काय मास्तर, माझी ब नुसती घाबरलेली होती हो, जिथे कळलं नाही तिथे राखाडी.

‘माझी ब’ म्हणाली. ओळख असल्यासारखं.

मग माझ्या स्क्रीनकडे मान वाकवून माझे शेरे वाचले. म्हणाली, मास्तर, जरा सांभाळून घ्या हो तुमच्या ब ला. नवीन होतं बिचारं.

सगळा उलगडा झाला. दयेची भीक कोण मागतं? ज्याला भीती असते तो. ब म्हणजे टाचणीबाई.

मी म्हटलं, बाई, दया दवाखान्यात. इथे व्याकरण आहे.

ती म्हणाली, तुम्ही स्वतःशी फार कडक वागता.

कडक, हो. स्वतःशी नव्हे. पण तिला व्याकरण येत नाही, सर्वनामं तरी कुठून येणार.

२८ ऑक्टोबर, सोमवार

दुसरी यादी. अठ्ठावीस मतभेद. ब मध्ये सुधारणा नाही. एके ठिकाणी तर ब ने शेरा लिहून ठेवलाय: ‘हे मला माहीत होतेच. खात्री केली.’ उद्धटपणा बघा. ज्याला खरंच माहीत असतं तो असं लिहीत नाही.

ब ची भाषाही तपासली. अहंकारी, तुटक. चांगल्या गुरूचा हात डोक्यावरून फिरलेला नाही.

टाचणीबाईने मला आज तिच्या डब्यातलं अर्धं दिलं. लाच. खाल्लं, पण मत बदललं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज लिहिला. विषय: ‘ब’ला काढून टाकण्याबाबत. तीन पानं. मागण्या:

एक, ब ला या कामावरून तात्काळ दूर करावं.
दोन, ब ने सप्टेंबरपासून केलेलं सगळं काम रद्द करावं, नाहीतर कॉम्प्युटर आयुष्यभर पिवळा पाहील.
तीन, ब ला पुढे कधीही भाषेशी संबंध येईल असं काम देऊ नये.

मॅडमच्या हातात दिला. उभ्याने वाचायला लागल्या, मग बसल्या. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणाल्या, सर, हे तुम्ही मनापासून लिहिलंय ना? मी म्हटलं, प्रत्येक शब्द. त्या म्हणाल्या, इतकं प्रामाणिक इथे आजवर कोणी लिहिलं नाही. पण जरा जास्त कठोर नाही का होत?

मी म्हटलं, कमीच झालंय. पेन मागून घेतलं आणि तिथेच चौथी मागणी लिहिली: ब ची खुर्ची दुसऱ्याला द्यावी.

मॅडमचे डोळे पाणावले होते. यांच्या पिढीत सत्य ऐकायची सवय नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमनी पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, वरच्या मजल्यावर पाठवू का? एकदा गेला की परत येणार नाही. अजून विचार करा. मी म्हटलं, मला ब चं नावसुद्धा सांगू नका, निकाल निष्पक्ष हवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, नाव? मी म्हटलं, अगदी तोंडावर आलं तरी गिळा.

त्यांनी गिळलं.

जाताना केबिनमध्ये डोकावलो. खुर्चीच्या हातांना प्लास्टिकचं आवरण तसंच आहे. मी आत बसायला आलो की काढणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

टाचणीबाईने आज चहाला हाक मारली नाही. अर्जाची बातमी तिच्यापर्यंत गेली असणार. डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, मास्तर, एक विचारू? घरी बोललात का हे? वहिनी काय म्हणाल्या?

मी म्हटलं, माझी बायको माझ्या निर्णयात पडत नाही.

ती म्हणाली, अहो, पडायला हवं कोणीतरी.

तिच्याविषयी थोडं वाईट वाटलं. शिवणकामात परत जाईल. हात चांगला आहे, माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण तिने न विचारता लावून दिलं होतं. ब असली तरी बटण पक्कं आहे.

संकल्प: तपासनीस झाल्यावर तिच्यासाठी चांगला दाखला लिहायचा. भाषेचा उल्लेख टाळून.

घरी सांगितलं की सोमवारी निकाल. बायकोने विचारलं, नवा शर्ट इस्त्री करू का? मी म्हटलं, कर. ती म्हणाली, आणि तो दुसरा कोण आहे, ज्याला तुम्ही काढायला निघालात, त्याच्या घरी कोण असतं? मी म्हटलं, तपशिलात जाऊ नये.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

नवा शर्ट. जिने न थांबता चढलो. तिसऱ्यावर थांबलो, पण तो सूचनाफलक वाचायला.

त्याच दिवशी. दुपार

लिहायचं नव्हतं. पण ‘दुपार’ लिहून झालंय, खाडाखोड नको म्हणून लिहितो.

मॅडमनी दार लावून घेतलं. पाणी दिलं. म्हणाल्या, सर, वरच्यांनी तुमचा अर्ज जसाच्या तसा मंजूर केला. चारही मागण्या. तुमच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक झालं.

मी म्हटलं, ब ला कळवलं का?

मॅडम म्हणाल्या, कळवतेच आहे.

मी दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

विचारलं, मग ब ची खुर्ची कधी रिकामी होणार? मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हाला माहीत होतं ना? पहिल्या दिवशी शेवटी सांगितलं होतं मी. आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

दोन रकाने. अ, कर्मचारी सतरा, चौदा ऑक्टोबर. ब, कर्मचारी सतरा, पाच सप्टेंबर. खाली पुन्हा अ सतरा, ब सतरा. खाली पुन्हा.

माझ्या ओळखपत्रावर सतरा आहे. पहिल्या दिवशी तो आकडा आवडला होता.

जुनीच वाक्यं पाच-सहा आठवड्यांनी त्याच माणसाला परत देतात. माणूस स्वतःशी किती सहमत आहे ते बघायला.

मॅडमनी पुन्हा विचारलं, माहीत होतं ना, सर?

मी म्हटलं, अर्थातच.

आणखी काय म्हणणार होतो?

उत्तरपत्रिकेशी ताडून पाहिलं तर एकतीसपैकी सतरा ठिकाणी ब बरोबर निघाला. हार्ड पिवळाच होता.

मॅडम म्हणाल्या, तपासनीस आजपासून शेजारच्या बाई. तुमच्या अर्जाची अंमलबजावणी त्यांच्याकडे आहे. पहिलंच काम.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

घरी काल काही सांगितलं नाही. बायकोने शर्ट परत घडी करून ठेवला. एवढंच म्हणाली, आमच्याकडे रक्त दोनदा जुळलं नाही तर रक्ताला कोणी दोष देत नाही.

आज टाचणीबाईने काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीच्या हातांवरचं प्लास्टिक तसंच आहे. ती त्या खुर्चीत बसलेलीच नव्हती, स्टुलावर होती. म्हणाली, बसा मास्तर, त्या खुर्चीत माझे पाय जमिनीला पोचत नाहीत. मी उभा राहिलो.

तिने अर्ज समोर ठेवला. तिन्ही पानं. चौथ्या मागणीचं अक्षर सर्वांत सुंदर आलं होतं.

म्हणाली, मास्तर, मला वाटलं तुम्ही गंमत करताय. स्वतःला शिव्या घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, माझ्या घरी सगळे दुसऱ्याला घालतात. मग शनिवारी रात्रभर नव्हे, पण बराच वेळ विचार केला, की हा माणूस खरंच एवढा मोठ्या मनाचा असेल का. मग लक्षात आलं.

मी म्हटलं, काय लक्षात आलं?

ती म्हणाली, जाऊ द्या.

मग बाहीची टाचणी काढून तिने अर्जाला स्वतःचा एक कागद जोडला. हातात दिला आणि म्हणाली, वर पाठवायच्या आधी वाचून घ्या, चुका असतील तर सांगा, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा जुनं आहे.

कागदावर दोनच ओळी. चुका शोधल्या. सापडल्या नाहीत.

‘ब ला काढू नये. काम सावकाश करायचा, शब्दकोश उघडायचा. शिकेल. अ चं काही सांगता येत नाही.’

खाली तिची सही. नाव पहिल्यांदाच वाचलं.

अ ला सहा आठवडे तिच्या शेजारी बसवून शिकवायचं ठरलं आहे. सकाळी दहा वाजता, नियमपुस्तिका घेऊन यायचं.

टेबलाखालून काढली. टेबलाच्या पायाचा गोल खड्डा अकराव्या पानापर्यंत उतरलाय. त्याच्या मधोमध तो नियम: तीच वाक्यं त्याच माणसाला परत येतील.

टेबल हलतंय. अक्षर म्हणून असं येतंय.